ड्रॅगन कुठून आला, ते आम्हाला विचारा!

आमच्या कामात हात अडकलेले असतात आणि डोळेही अडकलेले असतात. मोकळे राहतात ते कान आणि तोंड. अशा दहा-बारा बायका दिवसभर एका टेबलाभोवती बसल्या की किस्से साठणार नाहीत तर काय होईल? हसण्यासारखे किस्से आम्ही जेवणाच्या सुट्टीत सांगून संपवतो. ज्यांनी डोकं तापतं ते मात्र संपत नाहीत, ते साठत जातात. आमच्या ड्रॅगनचे बहुतेक किस्से या दुसऱ्या जातीचे!

आधी काम सांगते. गोव्यात डिचोलीजवळच्या एका शेडमध्ये आम्ही पिना बनवतो. साडीला लावायच्या नव्हेत. टोपीला, शर्टाला, बॅगेला लावायच्या, रंगीत चित्राच्या, नाण्याहून जरा मोठ्या. आपल्याकडे पूर्वी पोस्टाची तिकिटं जमवत, तशा परदेशात लोक या पिना जमवतात. पितळेच्या पत्र्यावर ठसा मारला की चित्राच्या रेषा वर उठतात आणि मधे खळगे राहतात. त्या रेषांना आम्ही बांध म्हणतो आणि खळग्यांना कुणगे, म्हणजे भाताची खाचरं, कारण आम्ही सगळ्या शेतीवाल्या घरांतल्या. कुणग्यात सुईने रंग सोडायचा, बांधावरून एक थेंब पलीकडे जाऊ द्यायचा नाही. मग पिना भट्टीत जातात.

ठसे कोरतात तानाजीअण्णा. कोल्हापूरकडचे, चांदीच्या कामात हात बसलेले. मालक उल्हासबाब, डिचोलीच्या व्यापारी घरातले. माणूस वाईट नाही, पण जे घरात आहे त्यापेक्षा जे दूर आहे ते त्यांना नेहमी मोठं वाटतं. आणि माझ्या उजव्या हाताला बसते ती कुंदाबाय. साठीला टेकलेली, सुर्ल्याहून बसने येते. माहेर फोंड्याकडचं, नदीकाठच्या खाजन शेतीतलं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या.

आमच्या पिनांवरचे ड्रॅगन या कुंदाबायने काढले.

हे वाक्य मी मुद्दाम सुटं लिहिलं, कारण ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते लिहिलं जावं, पिनेबरोबर जावं, एवढाच माझा हट्ट होता.

*

परदेशातून पहिली मोठी ऑर्डर आली ती एका ओळीची. "ड्रॅगन पाहिजे." चित्र नाही, नमुना नाही. उल्हासबाबांनी कॉम्प्युटरवरून एक ड्रॅगन छापून आणला. दिसायला राजबिंडा! पण अंगभर केसांसारख्या बारीक रेषा. तानाजीअण्णांनी कागद फिरवून फिरवून बघितला.

"मालक, ह्येला बांधच न्हाईत. रंग थांबायचा कुठं? समदा चिखल हुईल."

"मग आता काय करायचं?"

कुंदाबाय उठली, भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिल चालवू लागली. लांब तोंड, आखूड पाय, शेपटीला एक वळसा, पाठभर शिंपल्यांसारखे खवले. प्रत्येक खवल्याला ठसठशीत बांध!

उल्हासबाब म्हणाले, "कुंदाबाय, ही तर मगर!"

"हां, मगर. माका दुसरां कायेक येना."

"अगो, पण ड्रॅगनला पंख असतात!"

कुंदाबायने इकडेतिकडे नजर फिरवली. खिळ्याला तानाजीअण्णांची काळी छत्री अर्धी उघडी टांगलेली होती. तिच्याकडे बघत बघत तिने मगरीला पंख लावले. छत्रीची एक काडी मोडलेली होती, म्हणून डावा पंख मधेच वाकला. तिने तो तसाच ठेवला. जे दिसतं ते काढायचं, असा तिचा हिशेब.

पिन धडाक्यात खपली. मग पिना जमवणाऱ्या एका गृहस्थांनी इंटरनेटवर पानभर लेख लिहिला आणि उल्हासबाबांनी तो आम्हाला मराठीत करून, कौतुकाने वाचून दाखवला. डावा वाकलेला पंख म्हणजे म्हणे प्राचीन युद्धातल्या जखमेची खूण! असा जखमी ड्रॅगन फक्त राजघराण्याच्या झेंड्यावर असायचा!

तानाजीअण्णा ठसा घासत होते. मान वर करून म्हणाले, "युद्ध कसलं वो? साखळी गावच्या बसमधनं उतरताना दारात घावली की छत्री!"

*

पिन ज्या पुठ्ठ्याला टोचून विकतात, त्याला कार्ड म्हणतात. कार्डाच्या मागच्या बाजूला चार ओळींची माहिती असते. ती लिहायला पणजीहून एक मॅडम यायच्या. गोड बोलायच्या, आमच्या डब्यातली आंबाड्यांची करम, आंबटगोड कोशिंबीर, आवडीने खायच्या. त्यांच्याबद्दल वाईट लिहायला मला जड जातं. पण त्यांनी कार्डावर काय लिहिलं ते ऐका.

"हिमालयातल्या एका मठाच्या भिंतीवर शेकडो वर्षांपूर्वी साधूंनी रंगवलेला ड्रॅगन."

मी दहावीपर्यंत शिकलेली बाई. इंग्रजी अडखळत वाचते. म्हणून आधी वाटलं, आपलंच चुकलं. तीनदा वाचलं. मग सुई खाली ठेवून ऑफिसात गेले. मी ऑफिसात जाते ती एरवी फक्त रजेचा अर्ज द्यायला.

"मॅडम, हे कुंदाबायने काढलं. कॅलेंडरच्या मागे. मी शेजारीच होते."

मॅडम हसल्या. "सरोजताई, लोकांना जुनं आवडतं. गोष्ट लागते."

"मग खरी गोष्ट लिहा. निदान तिचं नाव तरी लिहा."

उल्हासबाब मधे पडले. "अगो सरोज, नाव घालायला हरकत नाही. पण कार्डावर जागा कुठे आहे?"

मी कार्ड उलटलं. त्यावर मठ होता, हिमालय होता, साधू होते, मॅडमच्या ऑफिसची खूण होती, आणि पिन पाण्यात बुडवू नये अशी तीन ओळींची सूचना होती. एवढा अख्खा हिमालय मावला, कुंदाबाय तेवढी मावेना!

*

एकदा बाहेरचे पाहुणे शेड बघायला आले. उल्हासबाब पुढे, पाहुणे मागे. "आमचं सगळं डिझाईन कॉम्प्युटरवर होतं," ते सांगत होते. आमचा कॉम्प्युटर कोपऱ्यात फुलाफुलांच्या कापडाखाली झाकलेला असतो. चतुर्थीच्या आधी त्यावर आरत्या लावतात, तेवढाच तो उघडतो.

एका पाहुण्याने तानाजीअण्णांना विचारलं, "ड्रॅगनसाठी कुठलं सॉफ्टवेअर वापरता?"

अण्णांनी शांतपणे ठशावरची धूळ फुंकली.

"सुर्ल्याचं. पावणेआठच्या बसनं येतंय."

पाहुण्याने ते वहीत लिहून घेतलं!

*

दुसऱ्या ड्रॅगनच्या वेळी गिऱ्हाइकाने कळवलं, या खेपेला तोंडातून आग पाहिजे. कुंदाबाय अडली. चुलीतली आग तिला ठाऊक, तोंडातली ठाऊक नाही. तिने जी काढली ती समईच्या ज्योतीसारखी झाली. ड्रॅगन नैवेद्य दाखवतोय असं वाटायचं.

माझं माहेर पेडण्यातलं, कोरगावचं. काजूच्या भागात वाढलेल्या माणसाला आग कशी थुंकते ते सांगावं लागत नाही. भोकांच्या पत्र्यावर बिया भाजायला घातल्या की सालीतलं तेल तापतं आणि बी अचानक फुर्रकन आगीची पिचकारी मारते. मुळाशी बारीक, मधे जाड, टोकाला दोन फाटे. आई ओरडायची, "फाटीं सरा गो, तोंडार येतली!" माझ्या मनगटावर अजून एक डाग आहे.

मी कुंदाबायला हाताने दाखवलं. ती म्हणाली, "अशे न्हय. माका दिसाक जाय." म्हणून रविवारी मी तिला कोरगावला नेलं. माझ्या वहिनीने अंगणात पत्रा मांडला. कुंदाबाय पदराने तोंड झाकून दोन हात लांब बसली आणि पहिली बी फुर्र झाली तशी ओरडली, "गावलो!" तिला आग सापडली होती.

सोमवारी आग तयार. दोन फाट्यांसकट.

कार्ड आलं. मठ आणि साधू तसेच, खाली एक नवी ओळ. "ही ज्वाला इराणच्या एका दुर्मिळ हस्तलिखितातून घेतली आहे."

मी ते घरी नेऊन नवऱ्याला दाखवलं. म्हटलं, बघा, काय चाललंय ते! त्यांनी कार्ड वाचलं, माझ्या मनगटाकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे तुझ्या आईचं अंगण इराणात होतं! लग्नाच्या वेळी सांगितलं नाही कुणी."

मला हसायला आलं नाही. वहिनीने भाजलेल्या बिया सोलून बरणी भरून दिली होती, ती त्यांनीच संपवली, हेही इथे सांगून ठेवते.

*

हरमलला माझी नणंद राहते. तिच्याकडे गेले असताना आम्ही दोघी किनाऱ्याच्या बाजूला फिरत होतो. एका दुकानात आमच्या पिना मांडलेल्या. आपण भरलेला रंग लगेच ओळखू येतो, जशी आपली भाकरी ओळखू येते. मी थांबले.

दुकानदार एका गोऱ्या बाईला पिन दाखवत होता. "साधूंनी हाताने केलेली. एक पिन करायला एक महिना लागतो. त्या महिन्यात ते बोलत नाहीत."

बोलत नाहीत! आमच्या टेबलावर एकदा या, म्हणजे कळेल!

मला राहवलं नाही. "ओ भाऊ, हा रंग मी भरलाय. डिचोलीला. आणि मी बोलत बोलत भरलाय."

दुकानदाराने हात जोडल्यासारखं केलं. "बाई, गिऱ्हाईक आहे. जरा बाजूला व्हा."

"मी का बाजूला होऊ? हा ड्रॅगन आमच्या कुंदाबायने काढलाय!"

गोऱ्या बाईने त्याला विचारलं, ही काय म्हणते? मला वाटलं, आता याची फजिती. पण त्याने माझ्याकडे बोट केलं आणि इंग्रजीत म्हणाला, "या त्याच मठातून आल्या आहेत."

त्या बाईने पिशवी खाली ठेवली, डोळे मिटले आणि मला वाकून नमस्कार केला! दोन पिना जास्त घेतल्या.

मी परत दुकानदाराकडे वळले. नणंद माझा हात ओढत म्हणाली, "वैनी, आता पुरे. साधू रागावत नाहीत गो."

*

आता जो किस्सा सांगते तो सांगताना आमच्या टेबलावर कुणी हसत नाही.

कुंदाबायची नात मनवा चौथीत आहे. तिला आजीने एक पिन दिली होती, रंग जरा ओघळला म्हणून बाजूला काढलेली. मनवाने ती कार्डासकट शाळेत नेली आणि वर्गात सांगितलं, "हा ड्रॅगन माझ्या आजीने काढलाय."

बाईंनी कार्ड हातात घेतलं. मागची बाजू वाचली. आणि सगळ्या वर्गासमोर मनवाला म्हणाल्या, "यावर काय लिहिलंय ते बघ. साधूंनी काढलाय. मोठेपणासाठी खोटं बोलू नये." पोरीला तास संपेपर्यंत उभं ठेवलं.

बाईंना मी दोष देत नाही. छापलेलं वाचलं त्यांनी. छापलेलं खरं मानायचं असं आपणच मुलांना शिकवतो.

त्या दिवशी कुंदाबायने चार पिना बिघडवल्या. एरवी वर्षात तिच्या चार बिघडत नाहीत. रंग बांधावरून पलीकडे जात होता आणि तिला ते दिसत नव्हतं. मी सुई तिच्या हातातून काढून घेतली.

तोपर्यंत मी नावाचा विषय काढला की ती मलाच हसायची. "सरोज, मगर काय माझी? मगर बांधाची. तू कित्याक तापतां?" त्या दिवशी हसली नाही.

"माझां नाव नाका," ती म्हणाली. "पण माझ्या नातीक कोणी खोटी म्हणूक नाका."

मी परत ऑफिसात गेले. या वेळी रजेचा अर्ज घेऊन गेले. तारीख लिहिली नव्हती. म्हटलं, "उल्हासबाब, कार्ड बदललं नाही तर तारीख मी घरी बसून घालीन." मागे बघितलं तर दारात तानाजीअण्णा उभे. तेही म्हणाले, "मालक, माजाबी तसाच धरा."

उल्हासबाबांनी अर्ज खणात टाकला. "बघूया," म्हणाले. बघूया म्हणजे नाही, हे गोव्यात लहान मूलही सांगेल.

*

पण देवाला काळजी. मी तारीख घालायच्या आतच दुसऱ्या एका राज्यातल्या कारखान्याने आमचा ड्रॅगन उचलला! जसाच्या तसा. मगरीचं तोंड, छत्रीचा पंख, वाकलेली काडी, कोरगावची आग, सगळं! आणि आमच्याहून स्वस्तात विकायला काढला.

उल्हासबाब एवढे भडकलेले आम्ही कधी बघितले नव्हते. "चोर! दुसऱ्याच्या मेहनतीवर आपलं नाव लावतात! लाज कशी वाटत नाही लोकांना?" ते शेडभर फिरत होते. आम्ही सगळ्या माना खाली घालून रंग भरत होतो. तानाजीअण्णा एवढंच म्हणाले, "व्हय की. लाज वाटाय पायजे."

मॅडमनी त्या कारखान्याला कडक पत्र लिहिलं. तिकडून उत्तर आलं, आणि उत्तराबरोबर आमच्याच कार्डाचा फोटो!

"आपल्या कार्डावर आपणच लिहिलं आहे की हा ड्रॅगन हिमालयातल्या मठात शेकडो वर्षांपासून आहे. मग तो आपला कसा? आम्हीही तो तिथूनच घेतला."

मॅडम त्या दिवशी करम न खाता पणजीला गेल्या.

पाठोपाठ गिऱ्हाइकाचं पत्र आलं. ड्रॅगन खरा कुणाचा, कुठून आला, हे दाखवा. दाखवलंत तर ऑर्डर तुमची, नाहीतर स्वस्तवाल्याची. गिऱ्हाइकाच्या खरेदीच्या बाई मुंबईला असतात, त्या स्वतः बघायला येणार होत्या.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा उल्हासबाब आमच्या टेबलापाशी स्टूल ओढून बसले. आवाज अगदी मऊ.

"कुंदाबाय, खरं सांग. ही मगर तुला कुठे मिळाली?"

"बांधार," कुंदाबाय म्हणाली. "अमाशेक येवा. दाखयतंय."

*

पौष अमावस्येला कुंदाबायच्या माहेरी मानगे थापणी असते. मानगे म्हणजे मगर. खाऱ्या पाण्यापासून शेत राखणारे बांध मगर सांभाळते, असं तिथले लोक मानतात. म्हणून वर्षातून एकदा बांधाजवळ चिखलाची मगर थापतात, फुलं वाहतात, नारळ ठेवतात.

आम्ही सगळे गेलो. खरेदीच्या बाई, उल्हासबाब, अण्णा, मी. कुंदाबायने मनवाला शाळा बुडवून आणलं होतं. पोहोचलो तेव्हा गावकरी चिखलात बसले होते आणि मगरीचं धड तयार होत आलं होतं. पाठीवर खाडीत मिळणाऱ्या तिसऱ्यांची शिंपली बसवणं चाललं होतं. मोठी शिंपली मोठी माणसं लावतात. मधे फटी राहतात त्यांत लहान मुलं लहान शिंपली दाबतात. मनवाही जाऊन बसली.

खरेदीच्या बाईंनी पर्समधून दोन पिना काढल्या. आमची आणि चोराची. मगरीच्या पाठीशी धरल्या. आमच्या पिनेवर दोन मोठे खवले आणि फटीत एक छोटा, असंच सगळीकडे. चोराने सगळे खवले सारखे, सरळ रांगेत केले होते. नक्कल करताना त्याला वाटलं असेल की आमचं चुकलंय!

बाईंनी पिना पर्समध्ये ठेवल्या. मग त्यांनी कुंदाबायला विचारलं, "आजी, हा ड्रॅगन किती जुना आहे?"

उल्हासबाबांनी डोळेच मिटले.

"आज सकाळचो," कुंदाबाय म्हणाली.

"आणि मागच्या वर्षीचा?"

"तो गेलो विरगळून."

"त्याच्या आधीचा?"

"तोय गेलो. पोरांनी फटींत शिंपी लायल्यो की नवो जाता."

बाईंनी वही काढली. आता नाव लिहिणार, मला कळलं. एवढ्या दिवसांचा माझा जीव त्यांच्या पेनाच्या टोकावर आला. पण त्यांनी विचारलं ते आम्हाला नाही, चिखलातल्या लोकांना. "या आजींचं नाव काय?"

"शेवंती!" चार-पाच जण एकदमच म्हणाले. "आमची शेवंती!"

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. माझंही बदललंय. पण इतकी वर्षं शेजारी बसून कुंदाबायचं आधीचं नाव मी कधी विचारलं नव्हतं. मनवा चिखलाचे हात घेऊन धावत आली. "आजी, तू शेवंती?"

मी घाईने पुढे झाले. "नाही हो बाई, कुंदा लिहा! कामावर कुंदा आहे. कागदावर कुंदा आहे!"

कुंदाबायने माझं मनगट धरलं. "रावं दी गो. मानगें थापूक शिकली ती शेवंती."

बाईंनी लिहिलं. ऑर्डर आमची राहिली, आणि नवीन कार्डावर तसंच छापून आलं. मठ गेला, साधू गेले, हिमालय गेला. "ही खाजनातली मगर. पंख छत्रीचे, आग काजूची. चित्र: शेवंती."

मनवाने ते कार्ड शाळेत नेलं. तिथल्या बाईंनी ते वर्गासमोर मोठ्याने वाचलं आणि मनवाला खाली नव्हे, स्वतःच्या खुर्चीत बसवलं. एवढं बरं झालं. पण मी मात्र आठवडाभर धुमसत होते. इतकी भांडले, काम सोडून घरी बसायला निघाले, आणि शेवटी नाव छापलं कुणाचं, तर जी मस्टरवरच नाही तिचं!

*

गेल्या महिन्यात गेटवर एक गाडी थांबली. पिना जमवणारे पाच-सहा जण, टोप्या पिनांनी भरलेल्या, कुठून कुठून आलेले. त्यांना चित्रकार शेवंती भेटायला हवी होती. कार्डावर तिची सही घ्यायची होती.

आमचा वॉचमन नवा. त्याने मस्टर वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं. उल्हासबाब बँकेत गेलेले. शेवटी तो मस्टर हातात घेऊनच आमच्या टेबलापाशी आला.

"हांगा शेवंती कोण गो? भायर लोक आयल्यात. मस्टरार तर अशी कोणूच ना."

सगळ्यांच्या सुया थांबल्या. अण्णांनी मशीन बंद केलं. मी तोंड उघडणार, एवढ्यात कुंदाबायने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. तिच्या हातात हिरव्या रंगाची सुई होती. एका खवल्यात रंग काठोकाठ भरला, थेंब बांधावर चढू दिला नाही, आणि मान वर न करता ती म्हणाली,

"शेवंती? ती लग्न जावन गेली रे. चाळीस वर्सां जालीं."